भिंतीकडचा हात

संपतनं तालमीतून आणलेल्या घमेल्यातनं लाल मातीची मूठ भरली, कपाळाला लावली आणि समोरच्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरी म्हाताऱ्याच्या उघड्या छातीवर फेकली. मागोमाग बाकीच्या सात पैलवानांनीही आपापली मूठ रिकामी केली.

मिस कोठारेंच्या हातातली फाइल खाली पडली. हे शिल्प न्यायला त्या मुंबईच्या एका संग्रहालयातून आल्या होत्या. इटलीत घडलेलं, तीनशे वर्षांचं काम. बोटाचा डाग लागू नये म्हणून त्यांनी तालमीतल्या पोरांसाठी सुती हातमोजे आणले होते. त्यातला एकही कुणाच्या अंगठ्यापलीकडे चढला नव्हता.

“हे काय केलंत तुम्ही?”

संपतनं अदबीनं समजावलं, “बाई, जोडीला हात घालायच्या आधी माती टाकत्यात. नुसत्या अंगावरनं हात निसटतोय. आन् न टाकता हात घातला तर समोरच्याचा अपमान हुतोय.”

“तो दगड आहे.”

“दगडच की. पर तयारीचा गडी हाय.”

मी बाजूला पिसांचा झाडू घेऊन उभा होतो. हसू दाबता दाबता माझ्या पोटात दुखायला लागलं. त्या दिवसातलं माझं हसू तेवढंच.

मी महिपती शेळके. कासारगडच्या राजवाड्यात दरबार हॉलचा राखणदार होतो. संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं झाली होती आणि वाड्यात आता कॉलेज भरणार होतं. झुंबरं गेली, गालिचे गेले, भुसा भरलेले वाघ गेले. राहिला हा म्हातारा. ट्रक अंगणात उभा होता, पण वजन उचलायचं यारीचं यंत्र काही हत्तीदरवाज्याच्या कमानीतून आत येईना. म्हणून तालमीतून आठ पैलवान बोलावले होते. ट्रक संध्याकाळपर्यंत परत फिरायचा होता. नाहीतर दुसऱ्या दिवशी कॉलेजचे गवंडी येऊन तो कोनाडा पाडणार होते, आत कोण उभा आहे हे न बघता.

मूर्ती कशी होती ते सांगतो. तशी मी ती पंधरा वर्षं रोज सांगत होतो, आणि रोज वेगळी. पाहुण्यांना मी सांगायचो की हा पंखवाला म्हातारा म्हणजे जटायूचा विलायतेतला मावसभाऊ. श्रावणात त्याची पिसं गळतात आणि राणीसाहेबांची उशी त्याच पिसांची आहे. त्याचा डावा हात दिसत नसे, त्याचीही सोय मी केली होती. थोरल्या सरकारांनी मूर्ती बोटीनं आणली तेव्हा एडनजवळ एका शार्कनं तो हात तोडून नेला, आणि त्या शार्कला संगमरवराची अशी चटक लागली की पुढं त्यानं बंदराचे दोन खांब खाल्ले. माणसं हसायची, पुढच्या खेपेला आणखी चार जणांना घेऊन यायची.

पण पाहुणे गेले, दारं लोटली आणि मी एकटा राहिलो की त्या मूर्तीपुढं माझी बडबड बंद पडायची. चांगला धिप्पाड म्हातारा, छातीवर वाऱ्यानं उडालेली दाढी, कमरेला फडफडता शेला, पाठीला अर्धवट उघडलेले दोन पंख, त्यातला एकेक पिसाचा कणा कोरलेला. त्याच्या मांडीवरून मागं कोसळणारा एक तरुण पोरगा. म्हाताऱ्यानं उजव्या हातानं पोराचा दंड काखेजवळ असा धरलेला की चारी बोटं मांसात रुतलीत, आणि रुतलेल्या बोटांमधून मांस वर आलंय. दगडातनं मांस वर येतं हो. हात लावला तर गार लागायचं, आणि डोळ्यांना ऊन दिसायचं. पोराचं डोकं मागं, भिंतीकडं कललेलं. म्हाताऱ्याचं तोंड उघडं, दात दिसतायत. खाली फुटलेलं वाळूचं घड्याळ. कोनाड्यावर पितळी पाटी होती: ‘काळाचा तारुण्यावर विजय’.

तर माती टाकून झाली, बाईंनी आपल्या रुमालानं ती पुसायचा प्रयत्न करून ती आणखी पसरवली, पहारी आल्या, लाकडी रूळ आले, सोल म्हणजे जाड दोर आला. आणि पोरं हात बांधून उभी राहिली. संपत म्हणाला, पाठीवर वस्तादाचा हात पडल्याशिवाय आपल्यापेक्षा जड अंगाला हात घालायचा नाही, ही तालमीची रीत आहे.

बाई म्हणाल्या, “मग बोलवा त्यांना.”

सगळी माझ्याकडं बघायला लागली. वाड्यातला माणूस मी, बोलावणं करायचं तर मीच.

आबाजी वस्ताद तेव्हा पासष्टीचे. पंधरा वर्षांत ते वाड्याच्या पायरीवर आले नव्हते, आणि आखाड्याच्या मातीतही उतरले नव्हते. काठावर बसून तोंडानं डाव सांगायचे, बस्स. कारण होता सर्जा.

सर्जा त्यांचा भाचा. बहीण हौसाक्का लवकर विधवा झाली, पोराला वस्तादांनीच वाढवलं, घडवलं. आमच्याकडं एक रीत होती. शिष्य पहिल्या मोठ्या मैदानाला निघाला की आदल्या दिवशी गावासमोर त्याची आणि वस्तादाची एक जोड लागायची. त्यात वस्तादानं पाठ मातीला लावून घ्यायची, मग शिष्यानं पाया पडायचं, आणि गावानं फेटे उडवायचे. पडणार कोण ते ठरलेलंच असायचं. त्या दिवशी वस्ताद पडले नाहीत. सर्जा पडला, मानेवर, वस्तादांच्या अंगाखाली, आणि तिथंच संपला. बावीस वर्षांचा होता.

गावानं अर्थ काढला तो असा, की म्हाताऱ्याला पोराकडून पाठ लावून घेणं सहन झालं नाही. वस्ताद त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. हौसाक्का त्यांच्या समोरच्याच घरात राहायची. पंधरा वर्षं तिनं भावाच्या घरचं पाणी घेतलं नाही, त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. आणि दरबार हॉलमध्ये येणारी गावातली माणसं मूर्तीपुढं उभी राहिली की एकमेकांना कोपरानं ढोसायची. म्हातारा, पोर, उघडे दात. वेगळं सांगायची गरज नसायची.

मी गेलो तेव्हा वस्ताद सोप्यात बसून डाव्या हातानं विडा बांधायचा खटाटोप करत होते. त्या हाताची तीन बोटं वाकडी होती, मिटायची नाहीत.

“तिथं तो म्हातारा हाय,” वस्ताद म्हणाले. “मी येत न्हाई.”

मी म्हटलं, तो म्हातारा आज जाणार आहे. पोरं तुमच्याशिवाय हात लावत नाहीत. पण बाई हट्टाला पेटल्यात, संध्याकाळपर्यंत कुणीतरी लावेल. चाळीस मणाचा दगड आहे, संपतची कंबर गेली तर त्याची बायको माझ्या दारात येईल.

वस्तादांनी विडा तसाच खाली ठेवला आणि टोपी घातली.

समोरच्या ओट्यावर हौसाक्का तांदूळ निवडत होती. वस्ताद दारातून बाहेर पडले तशी तिनं सूप उचललं, फिरली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. सवयीनं. आमच्या गावात ते इतकं नेहमीचं झालं होतं की कुणी वळूनसुद्धा बघत नसे.

हॉलमध्ये आल्यावर वस्तादांनी मूर्तीच्या तोंडाकडं बघितलंच नाही. ते खाली उकिडवे बसले आणि म्हाताऱ्याचे पाय बघायला लागले. मग पोटऱ्या. मग गुडघ्यामागची शीर, तिच्यावरनं उजवा हात हळूहळू वर नेला, मालिश करताना दुखरी जागा शोधतात तसा. मिस कोठारेंना आधी घाई होती, पण तो हात फिरताना बघून त्याही घड्याळ बघायचं विसरल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या गुरूंनीसुद्धा एखाद्या शिल्पाकडं इतका वेळ बघितलेलं त्यांना आठवत नव्हतं.

बऱ्याच वेळानं वस्तादांनी विचारलं, हे काय आहे म्हणून.

बाईंनी मनापासून सांगितलं. म्हणाल्या, त्या काळातल्या शैलीला बरोक म्हणतात. त्या शिल्पकारांना स्वस्थ उभा असलेला माणूस चालत नसे. घटना घडत असतानाचा नेमका क्षण त्यांना हवा असे, भावना अगदी टोकाला गेलेली. वस्त्र असं कोरायचे की दगडात वारा भरलाय असं वाटावं. आणि हे रूपक आहे. पंखवाला म्हातारा म्हणजे माणूस नव्हे, काळ. पोरगा म्हणजे तारुण्य. काळ तारुण्याला चिरडतोय, त्याचा हा क्षण.

“चिरडतोय असं कुणी सांगितलं?”

“पाटीवर आहे. आमच्या यादीतही तसंच आहे.”

“पाटी कुणी लिवली?”

बाई म्हणाल्या, बहुतेक थोरल्या सरकारांच्या कारभाऱ्यानं.

वस्ताद उठले. “बाई, मी अडाणी माणूस. पर ह्यो चिरडत न्हाई. चिरडणाऱ्याचं वजन चवड्यावर येतंय. ह्येचं बघा, टाचा रोवल्यात, बोटं मातीला धरल्यात. मागं रेटा देतोय ह्यो. आपलं आन् पोराचं, दोघांचं वजन एकटा मागं खेचायलाय.”

बाई वाकल्या. पायाची बोटं खरंच दगडी जमिनीला आवळून धरलेली होती, नखं पांढरी पडावीत तशी. त्या म्हणाल्या, पण हा उजवा हात खाली दाबतो आहे.

“दाबायचं तर आंगठा वर पायजे. ह्येचा आंगठा काखेत, खालनं हाय. उचलायची पकड हाय ती. आन् तोंड. रागाला आलेला माणूस दात आवळतोय, बाई. तोंड उघडं टाकत न्हाई. ह्यो ओरडतोय.” वस्तादांनी मान वर करून त्या तोंडाकडं बघितलं. “पोरगं हातातनं चाललं हे कळल्यावर माणूस ओरडतोय तसा.”

माझ्या हातातला झाडू कधी खाली आला ते मला कळलं नाही.

बाईंना ते पटलं होतं की नाही कोण जाणे, त्यांनी फक्त फाइल मिटली आणि कामाचं बोलल्या. भिंत आणि मूर्ती यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. बांबूच्या आकड्यानं सोल त्या फटीतून घालायचा, पोराच्या मानेमागून बाहेर काढायचा आणि आठ जणांनी पुढं ओढायचं, असा त्यांचा बेत होता. संपतनं सोल उचललाही.

वस्ताद मध्ये आले. “तिथनं न्हाई.”

“का?”

“तिथं हात हाय.”

पोरं माझ्याकडं बघून हसायला लागली, कारण शार्कची गोष्ट त्यांना पाठ होती. मीही सांगितलं की वस्ताद, तिथं काही नाही. मी पंधरा वर्षं ही मूर्ती पुसतोय. एका बाजूनं पंख आडवा येतो, दुसऱ्या बाजूनं शेला. मागं नुसती भिंत. बाईंनी बॅटरी मागवली, डोकं घालून बघितलं, पंखापलीकडं त्यांनाही काही दिसेना. त्यांच्याजवळ जुनं रेखाचित्र होतं, त्यातही डावा हात नव्हता.

“दिसंल कसा?” वस्ताद म्हणाले. “डावा खांदा बघा, खाली उतरलाय. खांदा कवा उतरतोय? खालनं कायतरी पेललं की उतरतोय. पोराचे केस बघा. हिकडचे सरळ खाली लोंबत्यात, तिकडचे वर चढल्यात. काय त्येस्नी वर ढकलतंय? आन् ही घाटी.” त्यांनी पोराच्या गळ्यातल्या मण्याकडं बोट केलं, लावलं मात्र नाही. “मान सुटली की घाटी वर येती. ह्या पोराची आली न्हाई. मान सुटलेली न्हाई ह्येची. कुणीतरी खालनं धरलीया. मला ठावं हाय मान सुटल्यावर कसं दिसतंय.”

हे शेवटचं ते हळू बोलले. पोरांचं हसणं थांबलं.

सोल तिथून ओढला आणि हात असला, तर बोटं मोडणार होती. नसला, तर एका अडाणी म्हाताऱ्याच्या बोलण्यावर बाईंचा दिवस वाया जाणार होता. मिस कोठारे कितीतरी वेळ पोराच्या केसांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी संपतला सोल खाली ठेवायला सांगितलं आणि वस्तादांना विचारलं, कुठून धरू?

वस्तादांनी सगळं सांगितलं. पहारी चौथऱ्याखाली कुठं, रूळ कुठं, सोल म्हाताऱ्याच्या कमरेच्या शेल्याखालून कसा. प्रत्येकाच्या पाठीवर थाप दिली. मग खाली वाकून घमेल्यातली माती घेतली, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, आणि दोन्ही हातांना चोळली. बाईंनी ते पाहिलं आणि हातमोजे बाजूला सारले.

चौथरा आधी बोटभर उचलला. रूळ सरकला. दगडाचा दगडावर असा आवाज झाला की छतातली कबुतरं एकदम उडाली. वीतभर. हातभर. वस्ताद “दमानं, दमानं” म्हणत मूर्तीच्या बरोबर चालत होते, आजाऱ्याला उठवून बसवताना चालतात तसे. मूर्ती कोनाड्यातून पुरती बाहेर आली आणि भिंत मोकळी झाली. कोनाड्याशेजारच्या खिडकीतलं ऊन ऐंशी वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूवर पडलं.

हात होता.

पंखाच्या सावलीतून निघालेला, शेल्याखालून गेलेला, कोपरापर्यंत ताणलेला. आणि पोराच्या मानेखाली पंजा उघडलेला, तान्ह्या मुलाचं डोकं तोलतात तसा. पाचही बोटं केसांत शिरलेली. एकेक केस बोटांच्या मधून निघालेला. अंगठा कानामागं, अगदी हलका, नुसता टेकलेला. उजव्या हातात जेवढा जोर, तेवढीच डाव्यात माया. भिंतीकडं जाणार, कुणाला दिसणारसुद्धा नाही हे त्या माणसाला ठाऊक असेल नसेल, पण त्यानं नखांच्या मुळाशी असलेली चंद्रकोरसुद्धा कोरली होती. आणि तिथून वर बघितलं की म्हाताऱ्याचं तोंड दिसत होतं. समोरून दिसायचे ते दात दिसत नव्हते. डोळे दिसत होते. खालच्या पापणीवर पाणी थांबलं होतं, दगडाचं, आता पडेल असं.

संपतनं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. मिस कोठारे जमिनीवरच बसल्या.

वस्ताद पुढं झाले आणि त्यांनी आपला वाकडा डावा हात त्या दगडी हातावर ठेवला.

“ह्येचा पोचला,” ते म्हणाले.

मला तेव्हा कळलं. एकदम सगळं कळलं.

आता जे सांगतो त्यात मी काहीही भर घातलेली नाही. त्या दिवशी मैदानात मी आंब्याच्या झाडावर बसलो होतो, मावळतीच्या बाजूला. पंचवीस वर्षांचा होतो, माझ्या जिभेला लगाम नव्हता. सर्जानं डाव भरला, त्याचा पाय निसटला, दोघं कलले. मला दिसली वस्तादांची पाठ, आणि क्षणभर वळलेला त्यांचा चेहरा, उघडं तोंड, दात. संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात सगळे विचारायला लागले तेव्हा मी सांगितलं की वस्ताद हसत होता. दात मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी सांगताना तो मोठ्यानं हसत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं सर्जाची मान दाबताना मी बघितलं होतं. दुकान भरून माणसं ऐकत होती, आणि माझं बोलणं इतकं मन लावून कुणीच कधी ऐकलं नव्हतं. आठवड्यात माझी गोष्ट गावाची झाली. पुढं लोक मलाच ती सांगायला लागले.

आणि वस्तादांची तीन बोटं. गाव म्हणायचं, मान दाबताना मोडली.

पोरं रूळ जुळवायला वाकली, बाई कागदावर भराभर त्या हाताचं चित्र काढत होत्या. मी वस्तादांजवळ गेलो. म्हटलं, तुम्ही कुणाला बोलला का नाही?

“काय बोलू? पोरगं मरून पडलंय आन् मी माझी बोटं दावत फिरू?” ते हात काढत नव्हते. “मी हात घातला खाली. पर दोघांचं वजन त्येच्यावर आलं. बोटं बी गेली, मान बी गेली.”

“वस्ताद, ती गोष्ट माझी होती. न्हाव्याच्या दुकानातली.”

“ठावं हाय की.”

“कधीपास्नं?”

“पयल्या दिवसापास्नं. तू आंब्यावर व्हतास. तिकडनं हात दिसत नव्हता. तुला दिसलं ते तू सांगितलंस.”

पंधरा वर्षं माझ्यासाठी त्यांनी ही एवढी माफी ठेवली होती. ती घेऊन मी घरी जाऊ शकलो असतो.

“न्हाई वस्ताद,” मी म्हटलं. “दिसलं नव्हतं ते बी सांगितलं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हात काढला. दगडी मनगटावर लाल मातीचा पंजा उठला होता, तीन बोटं वाकडी. बाई ओला कापूस घेऊन आल्या, वाकल्या, थांबल्या, आणि कापूस पिशवीत टाकून निघून गेल्या. पुढं कितीतरी वर्षांनी मी त्या संग्रहालयात जाऊन आलो. मूर्ती भिंतीपासून लांब ठेवली आहे, चारी बाजूंनी फिरता येतं. पाटीवर ‘काळ आणि तारुण्य’ एवढंच आहे. मनगटावर फिकट तांबूस डाग आहे. तिथल्या राखणदाराला विचारलं तर तो छातीठोकपणे म्हणाला की तो दगडातच आहे, खाणीतून तसाच निघाला. मी मान डोलावली. धंद्यातला माणूस, त्याला कशाला खोडायचं.

चार वाजता मूर्ती अंगणात आली. गाव लोटलं होतं. पेटी खिळायला सुतार यायचा होता, तोवर म्हातारा उघड्या उन्हात उभा. माणसं मागच्या बाजूला जायची आणि परत येताना हळू चालायची. कुणीतरी ओरडलं, “म्हैपती, शार्कनं हात परत आणून दिला व्हय रं?” सगळे हसले. पायरीवर चढ म्हणाले, गोष्ट सांग म्हणाले.

मी पायरीवर चढलो. गर्दीच्या कडेला हौसाक्का उभी होती, पदर डोक्यावर, मूर्तीकडं पाठ. सुरुवात कुठून करायची ते सुचेना. गोष्ट सांगताना मला असं कधी झालं नव्हतं.

मी सांगितलं. आंबा, पाठ, दात. हसला हे खोटं, मान दाबली हे खोटं. हात खाली घातला होता, तो मला दिसला नाही, आणि दिसला नाही म्हणून तो नव्हताच असं मी ठरवलं. बोटं कशानं मोडली तेही सांगितलं.

माझं बोलणं संपलं. मागून एक जण म्हणाला, “ब्येस रचलीस.” दुसरा म्हणाला, शार्कची जास्त चांगली होती. काही हसले, काही माना हलवत ट्रककडं गेले. पन्नास थापा पचवलेल्या गावाला माझी एक खरी गोष्ट पचेना. मी पायरीवर तसाच उभा राहिलो.

हौसाक्का मात्र वळली होती. ती गर्दीतून सरळ मूर्तीच्या मागं गेली. माती लागलेल्या त्या दगडी हाताखाली तिनं आपला हात घातला. पोराच्या मानेला लावला, मग बोटांना लावला, एकेका बोटाला. आईनं झोपलेल्या पोराचा ताप बघावा तेवढा वेळ ती तशीच होती. तिच्या चेहऱ्याकडं मी बघितलं नाही. माझी ती लायकी नव्हती.

मग ती वस्तादांसमोर येऊन उभी राहिली. ते हत्तीदरवाज्याच्या दगडावर बसले होते, मान खाली. तिनं त्यांचा डावा हात उचलून आपल्या हातात घेतला आणि वाकडी बोटं सरळ करून बघितली. ती झाली नाहीत.

“दादा, दुखत्यात का रं अजून?”

वस्तादांनी मान वर केली.

“थंडीत,” ते म्हणाले.

“तेल लावत न्हाईस?”

“एका हातानं न्हाई लागत नीट.”

तिनं पदराच्या टोकानं त्या हाताची लाल माती पुसायला घेतली. पुसता पुसता थांबली, हात तसाच धरून त्यांना उठवलं आणि म्हणाली, “चल घरला. कोमट करून लावती.”